लॅपटॉपचा मॅक पत्ता

लॅपटॉपचा मॅक पत्ता म्हणजे लॅपटॉपमधील नेटवर्क जोडणीच्या प्रत्येक घटकाला त्याच्या उत्पादकाने दिलेला ४८ बिटांचा ओळख-क्रमांक होय. त्यास हार्डवेअर पत्ता किंवा भौतिक पत्ता असेही म्हणतात. वाय-फाय कार्ड, केबलद्वारे जोडणी करणारे इथरनेट कार्ड आणि ब्लूटूथ या प्रत्येकाचा मॅक पत्ता स्वतंत्र असतो. त्यामुळे एकाच लॅपटॉपला दोन, तीन किंवा त्याहून अधिक मॅक पत्ते असू शकतात. हा पत्ता लॅपटॉपचा किंवा तो वापरणाऱ्या व्यक्तीचा नसून त्या विशिष्ट घटकाचा असतो, ही बाब या विषयात सर्वांत महत्त्वाची आहे.

महाविद्यालय, वसतिगृह, ग्रंथालय किंवा कार्यालय यांच्या नेटवर्कवर लॅपटॉपची नोंदणी करताना मॅक पत्ता मागितला जातो. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत, जेथे एकच जोडणी अनेकांनी वाटून घ्यावी लागते, तेथे कोणत्या उपकरणाला प्रवेश द्यावा हे ठरवण्याचे ते एक सोपे साधन ठरते. तथापि चुकीचा पत्ता नोंदवल्यास अधिकृत विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळत नाही, आणि पत्त्याच्या मर्यादा न जाणता त्यावर विसंबल्यास चुकीचे निष्कर्ष निघू शकतात.

नाव व संज्ञा

मॅक हे ‘मीडिया ॲक्सेस कंट्रोल’ या इंग्रजी शब्दसमूहातील आद्याक्षरांपासून बनलेले नाव आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘माध्यम प्रवेश नियंत्रण’ असा होतो. एकाच तारेवर किंवा एकाच रेडिओ लहरीवर अनेक उपकरणे संदेश पाठवू लागली, तर कोणी केव्हा बोलायचे आणि संदेश कोणासाठी आहे हे ठरवावे लागते. हे काम करणाऱ्या स्तरावर जो पत्ता वापरला जातो तो मॅक पत्ता. ॲपल कंपनीच्या ‘मॅक’ संगणकांशी या नावाचा संबंध नाही. कोणत्याही कंपनीच्या लॅपटॉपला मॅक पत्ता असतो. विंडोज प्रणालीत तो ‘फिजिकल ॲड्रेस’ या नावाने, तर लिनक्समध्ये ‘लिंक/ईथर’ या शब्दांपुढे दिसतो.

इतिहास

१९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. या प्रायोगिक इथरनेटमध्ये संगणकाचा पत्ता केवळ ८ बिटांचा होता. ८ बिटांतून २५६ क्रमांकच तयार होतात. एका इमारतीपुरते ते पुरेसे होते, परंतु एका नेटवर्कमधील संगणक दुसऱ्या नेटवर्कमध्ये हलवला तर त्याचा क्रमांक तेथील एखाद्या संगणकाशी जुळण्याचा धोका होता.

१९८० साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी संयुक्तपणे इथरनेटचे विनिर्देश प्रसिद्ध केले. त्यात पत्त्याची लांबी ४८ बिट ठरवण्यात आली. या निर्णयामागील विचार योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी ऑक्टोबर १९८१ मध्ये सादर केलेल्या शोधनिबंधात सविस्तर मांडला. प्रत्येक उपकरणाला केवळ त्याच्या नेटवर्कपुरता नव्हे, तर जगभर एकमेव असा क्रमांक द्यावा, म्हणजे ते कोठेही नेले तरी क्रमांक बदलण्याची गरज पडणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

योगेन दलाल यांचे अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले. पुढे त्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन केले. डिसेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरनेटच्या टीसीपी या नियमसंहितेच्या पहिल्या विनिर्देशाचे व्हिंटन सर्फ व कार्ल सनशाइन यांच्यासह ते सहलेखक होते.

आरंभी पत्त्यांचे वाटप झेरॉक्स कंपनी करीत असे. नंतर हे काम ‘इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स’ म्हणजे आयट्रिपलई या संस्थेकडे आले. १९८३ साली इथरनेटचे ८०२.३ हे मानक मान्य झाले आणि १९९७ साली वाय-फायचा पाया असलेले ८०२.११ हे मानक आले. वाय-फायनेही ४८ बिटांचीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे तारेवरचे व बिनतारी उपकरण एकाच नेटवर्कमध्ये एकमेकांना ओळखू शकतात.

रचना

मॅक पत्ता षोडशमान पद्धतीत लिहितात. या पद्धतीत ० ते ९ हे दहा अंक आणि इंग्रजी वर्णमालेतील ए, बी, सी, डी, ई, एफ ही सहा अक्षरे मिळून सोळा चिन्हे वापरली जातात. ए म्हणजे १०, तर एफ म्हणजे १५. एक चिन्ह ४ बिट दर्शवते, म्हणून ४८ बिटांसाठी १२ चिन्हे लागतात. वाचण्याच्या सोयीसाठी त्यांच्या दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्या करतात. उदाहरणार्थ :

००-००-५ई-००-५३-१डी

प्रत्यक्ष पडद्यावर हे अंक व अक्षरे रोमन लिपीत दिसतात. वरील पत्ता माहितीपर लेखनातील उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातील आहे. जोड्यांमध्ये विंडोज प्रणाली आडवी रेघ देते, तर लिनक्स व मॅकओएस या प्रणाली विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह देतात. काही नेटवर्क उपकरणांत चार-चार चिन्हांचे तीन गट करून मध्ये पूर्णविराम देतात. लेखनाच्या या तिन्ही पद्धतींत पत्ता तोच असतो. अक्षरे मोठ्या किंवा लहान लिपीत लिहिल्यानेही फरक पडत नाही.

पारंपरिक रचनेत पत्त्याचे दोन समान भाग असतात. पहिल्या तीन जोड्या, म्हणजे २४ बिट, आयट्रिपलई संस्था उत्पादकाला देते. उरलेले २४ बिट उत्पादक आपल्या प्रत्येक घटकाला वेगवेगळे देतो. एका उत्पादक-क्रमांकाखाली १,६७,७७,२१६ घटकांना पत्ते देता येतात. कमी उत्पादन करणाऱ्यांसाठी याहून लहान गटही उपलब्ध असतात. ४८ बिटांतून होणाऱ्या एकूण क्रमांकांची संख्या २८१ लाख कोटींहून अधिक आहे.

पहिल्या जोडीतील शेवटच्या दोन बिटांना विशेष अर्थ आहे. सर्वांत शेवटचा बिट संदेश एकाच उपकरणासाठी आहे की समूहासाठी, हे सांगतो. त्याच्या आधीचा बिट पत्ता उत्पादकाने दिलेला आहे की लॅपटॉपच्या प्रणालीने तात्पुरता तयार केलेला आहे, हे सांगतो. सर्वसामान्य वाचकाला याची खूण सोप्या रीतीने ओळखता येते. लॅपटॉपच्या पत्त्यातील डावीकडून दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता उत्पादकाने दिलेला मूळ पत्ता नव्हे. या खुणेचा उपयोग पुढे ‘यादृच्छिक पत्ते’ या विभागात स्पष्ट होतो. बाराही चिन्हे एफ असलेला पत्ता कोणत्याही एका उपकरणाचा नसतो. तो त्या नेटवर्कमधील सर्वांना उद्देशून संदेश पाठवण्यासाठी वापरतात.

मॅक पत्ता आणि आयपी पत्ता

मॅक पत्ता व आयपी पत्ता यांत अनेकदा गल्लत होते. दोघांचे काम वेगळे आहे. आयपी पत्ता संदेशाचे अंतिम ठिकाण सांगतो, तर मॅक पत्ता सध्याच्या टप्प्यावर संदेश कोणाच्या हाती द्यायचा हे सांगतो.

नाशिकहून जव्हारला पाठवलेले एक पार्सल त्र्यंबकेश्वर व मोखाडा या मार्गाने जात आहे आणि प्रत्येक ठिकाणी वाहन बदलले जाते, अशी कल्पना करावी. पार्सलवर लिहिलेला जव्हारचा पत्ता शेवटपर्यंत तोच राहतो. परंतु त्र्यंबकेश्वरी ते कोणी कोणाच्या स्वाधीन केले, मोखाड्यात कोणी उतरवून घेतले, याची देवघेव-चिठ्ठी प्रत्येक टप्प्यावर नवी असते. आधीच्या टप्प्याची चिठ्ठी पुढे जात नाही. आयपी पत्ता हा पार्सलवरील पत्त्यासारखा आहे, तर मॅक पत्ता हा त्या चिठ्ठीवरील नावासारखा आहे. वास्तवात घरगुती राउटर अनेकदा बाहेर जाणाऱ्या संदेशातील आयपी पत्ताही बदलतात, परंतु कामाची ही विभागणी तशीच राहते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, लॅपटॉपचा मॅक पत्ता सामान्यतः पहिल्या राउटरपर्यंतच पोहोचतो. दूरच्या संकेतस्थळाला तो दिसत नाही. दुसरी, नेटवर्क बदलले की आयपी पत्ता बदलतो, परंतु घटकाचा मूळ मॅक पत्ता तोच राहतो.

आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्यासाठी एआरपी नावाची पद्धत वापरली जाते. तिचे वर्णन नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. राउटर नेटवर्कमधील सर्व उपकरणांना ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ असे विचारतो, आणि ज्या उपकरणाचा तो असेल तेच आपला मॅक पत्ता कळवते. ही देवाणघेवाण वापरकर्त्याच्या नकळत सतत चालू असते.

पत्ता शोधण्याच्या पद्धती

मॅक पत्ता शोधण्यासाठी इंटरनेट जोडणी लागत नाही. तो घटकातच नोंदलेला असल्याने, जेथे मोबाइलचा संकेत पोहोचत नाही अशा ठिकाणीही तो पाहता येतो.

विंडोज – सेटिंग्जमधून

१. ‘स्टार्ट’वर जाऊन ‘सेटिंग्ज’ उघडावे.
२. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ निवडावे.
३. वाय-फायचा पत्ता हवा असल्यास ‘वाय-फाय’ आणि नंतर ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’ निवडावे. ही मांडणी विंडोज ११ मधील आहे.
४. ‘फिजिकल ॲड्रेस (मॅक)’ या शब्दांपुढील बारा चिन्हे हाच पत्ता होय.

केबल जोडलेली असल्यास तिसऱ्या पायरीवर ‘वाय-फाय’ऐवजी ‘इथरनेट’ निवडावे. विंडोज १० मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’च्या ‘स्टेटस’ पानावरून सर्व जोडण्यांचे गुणधर्म पाहता येतात.

विंडोज – आज्ञेद्वारे

शोधचौकटीत ‘सीएमडी’ (सी, एम, डी ही तीन रोमन अक्षरे) टंकून ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडावा. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ (रोमन अक्षरे : आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी), नंतर एक मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ‘ऑल’ (ए, एल, एल) असे टंकून एंटर कळ दाबावी. सर्व घटकांची यादी दिसते. प्रत्येक घटकाच्या शीर्षकाखाली ‘फिजिकल ॲड्रेस’ अशी ओळ असते. जोडणी बंद असलेल्या घटकापुढे ‘मीडिया डिसकनेक्टेड’ असे लिहिलेले आढळते, तरीही त्याचा पत्ता दिसतो.

‘गेटमॅक’ (जी, ई, टी, एम, ए, सी) ही दुसरी आज्ञा पत्ते थोडक्यात दाखवते. परंतु तीत कोणता पत्ता कोणत्या घटकाचा हे सहज कळत नाही. म्हणून पहिली आज्ञा अधिक उपयुक्त ठरते.

मॅकओएस

‘सिस्टीम सेटिंग्ज’ उघडून ‘नेटवर्क’, ‘वाय-फाय’, ‘डिटेल्स’ आणि ‘हार्डवेअर’ या क्रमाने गेल्यास ‘मॅक ॲड्रेस’ दिसतो. ही मांडणी २०२२ साली आलेल्या व्हेंच्युरा आवृत्तीपासूनची आहे. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ‘सिस्टीम प्रेफरन्सेस’, ‘नेटवर्क’, ‘ॲडव्हान्स्ड’ असा मार्ग असे.

लिनक्स

लिनक्सवर आधारित प्रणालींत ‘टर्मिनल’ उघडून ‘आयपी’ (आय, पी) व ‘लिंक’ (एल, आय, एन, के) हे दोन शब्द मध्ये मोकळी जागा ठेवून टंकावेत. प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजे सी-डॅकने विकसित केलेल्या ‘बॉस’ या भारतीय प्रणालीतही हीच पद्धत लागू पडते. यादीत वाय-फाय घटकाचे नाव सहसा ‘डब्ल्यू’ने, तर केबलच्या घटकाचे नाव ‘ई’ने सुरू होते. ‘एलओ’ नावाचा घटक हा प्रत्यक्ष घटक नसतो. त्याचा पत्ता सर्व शून्यांचा दिसतो व तो नोंदणीसाठी चालत नाही.

लॅपटॉप सुरू न करता

काही लॅपटॉपच्या पाठीवर किंवा खोक्यावरील लेबलवर मॅक पत्ता छापलेला असतो. लॅपटॉप आधीपासून एखाद्या राउटरला जोडलेला असल्यास त्या राउटरच्या व्यवस्थापन पानावरील जोडलेल्या उपकरणांच्या यादीतही तो सापडतो. लॅपटॉपचा अनुक्रमांक व मॅक पत्ता हे वेगळे असतात. लेबलवरील लांब क्रमांक बारा चिन्हांचा आहे का, आणि त्यात एफच्या पुढचे एखादे अक्षर आहे का, हे पाहिल्यास गोंधळ टळतो.

नोंदवताना होणाऱ्या चुका

घटकाची चुकीची निवड. वाय-फायसाठी नोंदणी करायची असताना इथरनेटचा किंवा ब्लूटूथचा पत्ता देणे ही वारंवार होणारी चूक आहे. विंडोजच्या यादीत ‘वाय-फाय डायरेक्ट व्हर्च्युअल अडॅप्टर’ अशा नावाचे आभासी घटकही असतात. त्यांचे पत्ते वाय-फायच्या पत्त्यासारखेच दिसतात, मात्र पहिल्या जोडीत फरक असतो. ‘वायरलेस लॅन अडॅप्टर वाय-फाय’ या शीर्षकाखालील पत्ता घ्यावा.

वाचनातील चूक. षोडशमान पद्धतीत ओ हे अक्षर नसते. गोल चिन्ह दिसले तर ते शून्यच असते. आय व एल ही अक्षरेही नसतात. उभी रेघ दिसली तर ती १ होय. बी व ८, तसेच डी व ० यांत मात्र हाताने उतरवताना घोटाळा होतो. शक्य असल्यास पडद्याचे छायाचित्र घ्यावे किंवा पत्ता निवडून त्याची नक्कल करावी.

बाहेरील जोडणी-यंत्राचा पत्ता. ज्या लॅपटॉपला केबलचे छिद्र नसते त्याला यूएसबीवर बसणारे जोडणी-यंत्र लावतात. अशा वेळी दिसणारा मॅक पत्ता त्या यंत्राचा असतो. ते यंत्र दुसऱ्या लॅपटॉपला लावले, तर पत्ता सामान्यतः त्याच्यासोबत जातो. प्रयोगशाळेत एकच यंत्र आळीपाळीने वापरले जात असेल, तर नोंदवहीत सर्वांच्या नावापुढे एकच पत्ता येतो.

दुरुस्तीनंतरचा बदल. वाय-फाय कार्ड बदलल्यास पत्ताही बदलतो. इथरनेटचा भाग मुख्य बोर्डावर असेल, तर बोर्ड बदलल्यावर त्याचाही पत्ता बदलू शकतो. अशा दुरुस्तीनंतर नव्याने नोंदणी करावी लागते.

यादृच्छिक पत्ते

वाय-फाय चालू असलेले उपकरण जवळच्या जोडण्या शोधताना आपला पत्ता हवेत प्रसारित करीत असते. पत्ता कायम एकच असेल, तर ठिकठिकाणी ऐकणारी यंत्रे बसवून त्या उपकरणाच्या, पर्यायाने ते बाळगणाऱ्याच्या हालचालींचा माग काढता येतो. हे टाळण्यासाठी उपकरणांच्या प्रणालींनी तात्पुरते, यादृच्छिक पत्ते वापरण्यास सुरुवात केली. ॲपलने २०१४ साली आयओएस ८ मध्ये जोडण्या शोधतानाच्या वेळेपुरती ही सोय दिली, आणि २०२० साली आयओएस १४ मध्ये प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता वापरण्याची पद्धत आणली. २०१९ सालच्या अँड्रॉइड १० मध्ये हे मूलभूत वर्तन झाले. विंडोज १० व ११ मध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ हा पर्याय असतो. २०२४ सालच्या मॅकओएस सिकोया आवृत्तीतही खासगी वाय-फाय पत्त्याची सोय आली.

ही सोय गोपनीयतेच्या दृष्टीने हितकारक आहे. मात्र ज्या नेटवर्कवर पत्त्यांची यादी ठेवून प्रवेश दिला जातो तेथे ती अडचणीची ठरते. नोंदवलेला पत्ता एक आणि लॅपटॉप सांगतो दुसराच, असे होऊन प्रवेश नाकारला जातो. हा पर्याय चालू असताना सेटिंग्जमध्ये दिसणारा पत्ताही यादृच्छिक असू शकतो. म्हणून पत्ता उतरवण्यापूर्वी त्याचे डावीकडून दुसरे चिन्ह पाहावे. ते २, ६, ए किंवा ई असल्यास यादृच्छिक पत्त्याचा पर्याय बंद करून पत्ता पुन्हा पाहावा. हा पर्याय सर्वत्र बंद करण्याची आवश्यकता नसते. केवळ त्या विश्वासाच्या नेटवर्कपुरता तो बंद ठेवून इतरत्र चालू ठेवता येतो.

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील संदर्भ

जव्हार व मोखाडा हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाले. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी इत्यादी आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. गावे दूरवर विखुरलेल्या पाड्यांची बनलेली असून दऱ्याखोऱ्यांमुळे मोबाइलचा संकेत सर्वत्र सारखा पोहोचत नाही. महाविद्यालये, शासकीय कार्यालये व बाजार मुख्यत्वे तालुक्याच्या ठिकाणी आहेत.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या राष्ट्रीय योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. २०१५ साली तिला भारतनेट हे नाव मिळाले. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने ओळखले जाते. लहान दुकानदारांमार्फत सार्वजनिक वाय-फाय देण्याच्या पीएम-वाणी योजनेला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. अशा योजनांतून येणारी जोडणी एका ठिकाणी पोहोचते, तेथून पुढे ती अनेकांत वाटावी लागते. मॅक पत्त्याचा प्रश्न या वाटपाच्या जागी उपस्थित होतो.

शाळा-महाविद्यालये व वसतिगृहे. मर्यादित जोडणी केवळ विद्यार्थ्यांनाच मिळावी यासाठी संस्था लॅपटॉपच्या मॅक पत्त्यांची यादी राउटरमध्ये भरू शकते. अशा ठिकाणी अर्जावरील एक चिन्ह चुकले तरी राउटर त्या लॅपटॉपला परका समजतो. पाड्यावरून बसने तालुक्याच्या गावी येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी आणखी एक हेलपाटा पडतो, आणि तेवढ्यात एखाद्या अर्जाची मुदत टळू शकते. पत्ता घरीच, इंटरनेटशिवाय पाहता येत असल्याने अर्जासोबत त्याची अचूक प्रत नेणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. नोंदणी करणाऱ्याने लॅपटॉप समोर असतानाच जोडणी तपासून पाहिल्यास चूक जागीच लक्षात येते.

ग्रामपंचायत व सेवा केंद्रे. दाखले देण्याच्या केंद्रात संगणक व छपाईयंत्र एकाच राउटरला जोडलेले असतात. वीज जाऊन आल्यावर राउटर नवे आयपी पत्ते वाटतो आणि संगणकाला छपाईयंत्र सापडेनासे होते. राउटरमध्ये छपाईयंत्राच्या मॅक पत्त्यापुढे एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवल्यास ही अडचण दूर होते.

मोबाइल हॉटस्पॉट. जेथे तारेची जोडणी नाही तेथे एखाद्याचा फोन हाच घरातील राउटर होतो. अनेक फोनांत हॉटस्पॉटला जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते, आणि तीत उपकरणाचे नाव किंवा मॅक पत्ता असतो. अनोळखी उपकरण दिसल्यास त्याचा पत्ता अडवता येतो. परंतु यादृच्छिक पत्ता वापरून ते पुन्हा जोडले जाऊ शकते. म्हणून अशा वेळी हॉटस्पॉटचा पासवर्ड बदलणे अधिक परिणामकारक ठरते.

सुरक्षा व मर्यादा

मॅक पत्त्यांची यादी हे कुलूप नव्हे. पासवर्डने संरक्षित वाय-फायमध्येही संदेशाचा मजकूर सांकेतिक रूपात जातो, मात्र पाठवणाऱ्या व घेणाऱ्या उपकरणाचे मॅक पत्ते उघडेच असतात. जवळपास असलेली तांत्रिक माहितीची व्यक्ती ते ऐकून आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता देऊ शकते. त्यामुळे यादीसोबत सक्षम पासवर्ड, आणि शक्य असल्यास प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र प्रवेशनाम ठेवणे आवश्यक असते.

याच कारणाने राउटरच्या नोंदवहीत एखाद्या लॅपटॉपचा मॅक पत्ता सापडणे हा त्या लॅपटॉपच्या मालकाने विशिष्ट कृती केल्याचा निर्णायक पुरावा ठरत नाही. पत्त्याची नक्कल झालेली असू शकते, लॅपटॉप दुसऱ्याने वापरलेला असू शकतो, किंवा सामायिक जोडणी-यंत्रामुळे पत्ता अनेकांच्या नावावर असू शकतो. जोडणीच्या गैरवापराबद्दल एखाद्या विद्यार्थ्यावर ठपका ठेवण्यापूर्वी या तिन्ही शक्यता तपासणे न्याय्य ठरते.

मॅक पत्त्यावरून चोरीस गेलेला लॅपटॉप देशात कोठेही असला तरी शोधता येतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. हा पत्ता पहिल्या राउटरच्या पलीकडे जात नसल्याने दुरून त्याचा माग लागत नाही. हरवलेले मोबाइल फोन अडवण्यासाठी दूरसंचार विभागाची सीईआयआर ही व्यवस्था आहे. ती आयएमईआय क्रमांकावर चालते, मॅक पत्त्यावर नव्हे. तरीही पोलिसांकडे तक्रार करताना खरेदीची पावती व अनुक्रमांक यांच्यासोबत मॅक पत्ता नोंदवणे उपयुक्त असते. लॅपटॉप सापडल्यावर तो ओळखण्यासाठी या माहितीची मदत होते. त्यासाठी ही तिन्ही माहिती लॅपटॉपबाहेर, कागदावर लिहून ठेवणे इष्ट असते.

गोपनीयता

केवळ बारा चिन्हांवरून व्यक्तीचे नाव कळत नाही. परंतु पत्त्यांपुढे नावे लिहिलेली यादी तयार झाली, की कोणता विद्यार्थी कधी आला, किती वेळ थांबला, कोणत्या खोलीत होता, याचा अंदाज बांधता येतो. २०२३ सालच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात, ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भाने व्यक्ती ओळखता येते ती माहिती वैयक्तिक विदा मानली आहे. नावासह ठेवलेली मॅक पत्त्यांची यादी या व्याख्येत बसते. म्हणून ती भिंतीवर लावणे किंवा सामायिक गटात प्रसारित करणे योग्य नव्हे. विद्यार्थी संस्था सोडून गेल्यावर त्याची नोंद काढून टाकणे हेही संस्थेचे काम आहे.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत सुरुवातीच्या एका पद्धतीनुसार मॅक पत्त्यापासूनच आयपी पत्त्याचा काही भाग तयार केला जाई. त्यामुळे एरवी राउटरपाशी थांबणारा हा क्रमांक दूरच्या संकेतस्थळांनाही दिसू शके. २००१ पासून त्यावर तात्पुरत्या पत्त्यांचा उपाय मानकांत समाविष्ट झाला आणि आजच्या प्रमुख प्रणाली तो वापरतात. लॅपटॉपचा मॅक पत्ता नोंदणीसाठी संबंधित संस्थेला देण्यात सामान्यतः धोका नसतो. मात्र फोनवर किंवा संदेशातून अनोळखी व्यक्तीने तो मागितल्यास देण्याचे कारण नसते, कारण त्याचा उपयोग केवळ त्या नेटवर्कच्या व्यवस्थापकालाच असतो.